पडद्यावरचा ठिपका नेमका कशाचा? पिक्सेल तपासणीची पद्धत

निरखून

नवा मॉनिटर, लॅपटॉप किंवा टीव्ही आला की बहुतेक जण एक पांढरं आणि एक काळं चित्र उघडतात, दोन सेकंद बघतात आणि पॅनेल स्वच्छ आहे असं ठरवून टाकतात. त्यात बरेच दोष नजरेतून निसटतात. परत करण्याची मुदत संपल्यावर तेच दिसायला लागतात. उलटही होतं. धुळीचा कण, ग्राफिक्स कार्डाची गडबड किंवा चित्रातलाच डाग डेड (कायमचा बंद पडलेला) पिक्सेल समजून लोक पडदा बदलायला निघतात. म्हणून ही तपासणी नीट कशी करायची ते सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे बारीक ठिपके, असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन सबपिक्सेल, म्हणजे एकूण ६२,२०,८०० सबपिक्सेल. फोरके (३८४० × २१६०) पडद्यावर हा आकडा २,४८,८३,२०० होतो. दोष बहुतेक वेळा सबपिक्सेलमध्ये असतो, अख्ख्या पिक्सेलमध्ये नाही. हे लक्षात घेतलं की पांढरा-काळा एवढ्यावर का भागत नाही ते कळतं.

तपासणीआधीची तयारी:

पडदा बंद करा. कोरड्या मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसा. डाग निघत नसेल तर कापड डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलं करा. पाणी पडद्यावर थेट फवारू नका, ते खालच्या कडेतून आत उतरतं. अमोनियाचा काचक्लीनर वापरू नका, त्याने वरचं कोटिंग खराब होतं.

मग पडदा वीस-तीस मिनिटं चालू ठेवा. काही दोष पॅनेल गरम झाल्यावरच दिसतात.

रिझोल्यूशन पॅनेलचं मूळ तेच ठेवा. नाइट लाइट, आपोआप बदलणारी ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, एचडीआर हे सगळं बंद करा.

चाचणीची चित्रं पेंटमध्ये स्वतः करता येतात. पॅनेलच्या मापाचा कॅनव्हास घ्या, एकाच रंगाने भरा, पीएनजी म्हणून जतन करा आणि पूर्ण पडदाभर उघडा. आठ चित्रं लागतात: काळं, पांढरं, लाल (२५५, ०, ०), हिरवं (०, २५५, ०), निळं (०, ०, २५५) आणि तीन राखाडी, म्हणजे तिन्ही रंग ६४, १२८ आणि १९२. हे आकडे म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्याची ० ते २५५ मधली पातळी. चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची पट्टी, बटणं, माउसचा बाण, काहीही पडद्यावर राहता कामा नये.

कुठल्या रंगावर काय दिसतं:

काळ्यावर फक्त कायम पेटलेले सबपिक्सेल दिसतात. लाल, हिरवा किंवा निळा बारीक ठिपका. खोलीत पूर्ण अंधार आणि ब्राइटनेस शंभर टक्के ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन-तीन मिनिटं द्या.

लाल चित्रावर काळा ठिपका दिसला तर तिथला लाल सबपिक्सेल बंद आहे. मॅजेंटा (जांभळट गुलाबी) ठिपका दिसला तर लाल ठीक आहे, पण शेजारचा निळा कायम चालू आहे. पिवळसर दिसला तर हिरवा चालू राहिलाय. हिरव्या आणि निळ्या चित्रावरही हाच हिशेब.

पांढऱ्यावर बंद लाल सायन (निळसर हिरवा) दिसतो, बंद हिरवा मॅजेंटा आणि बंद निळा पिवळा. पण बंद निळा पांढऱ्यावर जवळजवळ दिसतच नाही. आपल्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. निळा गेला तर उजेड जेमतेम कमी होतो आणि पांढऱ्यावर फिकट पिवळा डोळ्याला वेगळा काढता येत नाही. म्हणून निळं चित्र कधीही गाळू नका. घाईत सगळ्यात आधी तेच गाळलं जातं.

राखाडी चित्रं अर्धवट अडकलेल्या सबपिक्सेलसाठी. काही सबपिक्सेल पूर्ण चालूही नसतात आणि पूर्ण बंदही नसतात, मधल्याच पातळीवर थांबलेले असतात. काळ्यावर ते फार मंद आणि पांढऱ्यावर किंचित गडद, म्हणून दोन्हीकडे सुटतात. राखाडीवर बरोबर सापडतात.

प्रत्येक रंगाला निदान एक मिनिट द्या. पडदा मनाने चार-पाच आडव्या पट्ट्यांत वाटून घ्या आणि एकेक पट्टी डावीकडून उजवीकडे पाहा. कोपरे आणि कडा शेवटी पुन्हा. दोन भडक रंगांच्या मध्ये राखाडी चित्र ठेवा, कारण लाल बराच वेळ पाहिल्यावर लगेच पांढरं पाहिलं तर ते सायन झाक असलेलं दिसतं. तो डोळ्याचा परिणाम आहे, पॅनेलचा नाही.

मंदप्रकाश

उत्तम धागा. काळ्या चित्राबद्दल एक महत्त्वाची भर.

मिनी-एलईडी किंवा लोकल डिमिंग (चित्रानुसार मागचे दिवे भागाभागाने मंद करणं) असलेल्या टीव्ही-मॉनिटरवर पूर्ण काळं चित्र लावलं की मागचे दिवेच विझतात. अशा पडद्यात सबपिक्सेल मागच्या दिव्यांचा उजेड झडपेसारखा सोडतो किंवा अडवतो. तो उघडा राहिला असला तरी मागून उजेड येत नाही, मग ठिपका दिसणार कसा? पडदा एकदम निर्दोष वाटतो. सेटिंगमध्ये लोकल डिमिंग बंद करता येत असेल तर करा. येत नसेल तर काळ्याऐवजी फार गडद राखाडी घ्या, १० किंवा १५ पातळीचं. मागचे दिवे मंद पेटतात आणि अडकलेला ठिपका लगेच उठून दिसतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करायला वर सांगितलंय ते याच कारणासाठी.

अशा पडद्यावर मागचा एखादा दिवाच गेला असेल तर ठिपका दिसत नाही. पांढऱ्यावर बोटभर रुंद, मऊ कडांचा अंधारा पट्टा दिसतो. तो पिक्सेलचा दोष नाही, बॅकलाइटचा, म्हणजे मागच्या दिव्यांचा आहे. दुरुस्तीही वेगळी.

भिंगवाला

अंतराबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

२४ इंची फुल एचडी पडद्यावर एक पिक्सेल ०.२७७ मिलिमीटरचा असतो. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर ०.१८, २७ इंची फोरकेवर ०.१५५. साडेसहा इंची फोनवर, १०८० × २४०० असेल तर, साधारण ०.०६. चांगल्या नजरेला अर्ध्या मीटरवरून ०.१५ मिलिमीटरच्या आसपासचा तपशील कसाबसा वेगळा दिसतो. म्हणजे फोरके मॉनिटरवरचा बंद पिक्सेल नेहमीच्या बसण्याच्या अंतरावरून दिसेलच असं नाही. त्यासाठी २५-३० सेंटिमीटरवर या.

पेटलेल्या ठिपक्याचं तसं नाही. काळ्या पार्श्वभूमीवर स्वतः उजेड देणारा बिंदू कितीही लहान असला तरी दिसतो, पुरेसा तेजस्वी असला म्हणजे झालं. म्हणून काळं चित्र थोडं लांबून पाहिलं तरी चालतं. पांढरं, लाल, हिरवं, निळं मात्र जवळूनच.

संशयित जागा सापडली की दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. पांढऱ्या चित्रावर लाल-हिरव्या-निळ्या उभ्या दांड्यांची ओळ स्पष्ट दिसते आणि कुठली दांडी विझली आहे ते थेट कळतं. व्हीए पॅनेलमध्ये (मागे दिवे असलेल्या एलसीडी पडद्याचा एक प्रकार) एकेक दांडी दोन किंवा जास्त तुकड्यांत विभागलेली असते आणि मंद छटांना त्यातला एकच तुकडा पेटलेला दिसू शकतो. ती त्या पॅनेलची रचना आहे, दोष समजू नका.

प्रश्नचिन्ह

सगळ्या रंगांवर काळाच दिसणारा ठिपका असेल, पण त्याच्या कडा धूसर असतील, तर तो डेड पिक्सेल धरायचा का? पुसून जात नाही, आणि काळ्या चित्रावर दिसत नाही.

निरखून

बहुधा नाही. पिक्सेल चौकोनी असतो, त्याच्या कडा तीक्ष्ण असतात आणि तो जाळीच्या रेषेत बसतो. धूसर कडांचा, वेडावाकडा, एकाहून जास्त पिक्सेल झाकणारा ठिपका म्हणजे सहसा पॅनेलच्या मागच्या थरांत अडकलेली धूळ. पडद्याच्या मागे बॅकलाइटचा उजेड पसरवणारे पातळ पापुद्रे असतात, त्यांच्यात कण शिरला की त्याची सावली पुढे पडते.

ओळखायची खूण अशी. ठिपक्याकडे समोरून पाहा, मग डोकं डावी-उजवीकडे न्या. धूळ पिक्सेलच्या थराच्या मागे असल्याने ठिपका शेजारच्या पिक्सेलांच्या तुलनेत किंचित सरकतो. पिक्सेलचा दोष जागचा हलत नाही. भिंगातून पाहिलं तर धुळीच्या ठिपक्यात सबपिक्सेलच्या दांड्या मंद का होईना, पेटलेल्या दिसतात.

आणि पांढऱ्यावर पाहताना नजरेबरोबर तरंगत जाणारे धागे-ठिपके डोळ्यातलेच असतात. नजर स्थिर केली की ते खाली सरकतात.

तारजोडणी

ठिपका पॅनेलचा की सिग्नलचा, हे आधी ठरवायला हवं. दोन मिनिटांचं काम आहे.

एक, स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्या यंत्रावर उघडा. तिथेही ठिपका दिसला तर पॅनेल निर्दोष. स्क्रीनशॉट पॅनेलवरून घेतला जात नाही, चित्राच्या मेमरीतून घेतला जातो. फक्त एक पळवाट राहते: ग्राफिक्स कार्डाच्या बाहेर पडतानाचा दोष किंवा केबलचा दोष स्क्रीनशॉटमध्ये येत नाही.

दोन, म्हणून मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा आणि तो ठिपक्यावर येईल असा सरकवा. मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा त्यात संबंध नाही. मेनूवरही ठिपका तसाच राहिला तर पॅनेल. मेनूखाली गेला तर केबल, पोर्ट किंवा कार्ड.

तीन, लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडा. दोन्हीकडे तेच दिसलं तर कार्ड किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम). ग्राफिक्स मेमरी बिघडली की ठिपके एकटेदुकटे नसतात. ठरावीक अंतरावर ओळीने येतात, आणि गेम चालू केला की वाढतात.

केबल खराब असली की चमकणारे, जागा बदलणारे ठिपके दिसतात. जागा बदलणारा ठिपका कधीच डेड पिक्सेल नसतो.

टीव्हीला कॉम्प्युटर जोडून तपासत असाल तर टीव्हीवर चित्राचं माप एकास एक ठेवा, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापून ते मोठं करणं) बंद. नाहीतर पेंटमध्ये मोजलेली ठिपक्याची जागा पॅनेलवरच्या जागेशी जुळत नाही.

पट्टीपासून

उभी किंवा आडवी अख्खी रेघ असेल तर? तीही पिक्सेलमध्येच धरतात का?

तारजोडणी

नाही, तो वेगळा आजार. पॅनेलच्या कडेला लवचिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्यांवर ड्रायव्हर चिप बसलेल्या असतात. उभ्या रेषांना माहिती देणारे सोर्स ड्रायव्हर, आडव्या रेषा उघडणारे गेट ड्रायव्हर. पट्टीचा एक सांधा सुटला की एक पूर्ण रेघ जाते. एकाच रंगाची उभी रेघ म्हणजे त्या सबपिक्सेलच्या स्तंभाची तार. शेजारशेजारच्या शंभरेक रेघांचा जाड पट्टा गेला असेल तर अख्खी चिप किंवा पट्टीच.

पडद्याची कड हलकेच दाबल्यावर रेघ येत-जात असेल तर सांधा सैल आहे याची जवळपास खात्री. पण ती दुरुस्ती नव्हे. दाबून घालवलेली रेघ परत येतेच, आणि पट्टी परत चिकटवायला गरम दाब देणारं खास यंत्र लागतं. असं पॅनेल बदलायचंच असतं.

रेघ पडद्याच्या मध्येच सुरू होऊन कडेपर्यंत गेली असेल तर तार पॅनेलच्या आत तुटली आहे. त्याला बाहेरून इलाज नाही.

गडद

ओएलईडीबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण वरचं बरंचसं एलसीडीसाठी आहे.

ओएलईडीत मागे दिवा नसतो, प्रत्येक सबपिक्सेल स्वतःच पेटतो. म्हणून बिघडलेला सबपिक्सेल बहुतेक वेळा काळाच होतो, बॅकलाइट ब्लीड, म्हणजे कडेतून झिरपणारा मागचा उजेड, हा प्रकार नसतो आणि पडद्यामागच्या धुळीची सावली पडत नाही. एलसीडीत मात्र प्रकारावर अवलंबून असतं. आयपीएस आणि व्हीए पॅनेलमध्ये विजेशिवाय उजेड अडतो, म्हणून सबपिक्सेलला वीज देणारा ट्रान्झिस्टर तुटला की ठिपका काळा. टीएनमध्ये विजेशिवाय उजेड आरपार जातो, म्हणून तसाच बिघाड पेटलेला ठिपका देतो.

फोनच्या ओएलईडीवर बऱ्याचदा हिरवे सबपिक्सेल पूर्ण संख्येने आणि लाल-निळे निम्मे असतात. भिंगातून जाळी विरळ दिसली म्हणून घाबरू नका, ती तशीच असते.

मोठ्या ओएलईडी टीव्हींमध्ये अनेकदा चौथा, पांढरा सबपिक्सेल असतो. शुद्ध लाल, हिरवा, निळा दाखवताना तो बंद असतो. म्हणजे तिन्ही रंगांवर पडदा स्वच्छ दिसूनही पांढरा सबपिक्सेल मेलेला असू शकतो. तो पांढऱ्या आणि राखाडी चित्रावरच सापडेल.

ओएलईडीवर राखाडीच्या दोन पातळ्या मुद्दाम पाहा. सुमारे ५ टक्क्यांची गडद राखाडी, म्हणजे १३च्या आसपास. तिच्यात उभे पट्टे आणि ढगाळपणा दिसतो. आणि १२८ची राखाडी, तिच्यात जुन्या चित्राचे ठसे दिसतात: वाहिनीचा लोगो, फोनची वरची पट्टी, कीबोर्ड. ठसा म्हणजे पिक्सेल मेलेले नसतात, असमान झिजलेले असतात.

गडद राखाडीवर थोडे पट्टे नव्या पॅनेलवरही दिसतात. टीव्ही बंद असताना स्वतःची दुरुस्ती-फेरी चालवतो आणि काही दिवसांत ते कमी होऊ शकतात. त्यासाठी रात्री भिंतीवरचं बटण बंद करू नका.

खटपट्या

अडकलेला पिक्सेल सुटतो का, यावर कुणी लिहिलं नाही. लाल-हिरवं-निळं भराभर बदलणारं चित्र त्या जागेवर चालवायचं, एवढंच? आणि पेन्सिलीच्या मागच्या रबराने दाबायचं का?

निरखून

भराभर बदलणारं चित्र करून पाहायला हरकत नाही, पण एलसीडीच्या अडकलेल्या, म्हणजे रंगीत पेटलेल्या सबपिक्सेलवरच. जेस्क्रीनफिक्ससारखी साधनं हेच करतात. ती खिडकी ठिपक्यावर येईल एवढीच लहान ठेवा, दहा ते तीस मिनिटं चालवा, मग काळ्या चित्रावर पाहा. सुटला नाही तर एक-दोनदा आणखी. त्यानंतर थांबा. ट्रान्झिस्टरच तुटला असेल तर कितीही चमकवून उपयोग नाही. पूर्ण काळ्या ठिपक्यावर हा उपाय चालत नाही. चमकणाऱ्या उजेडाने फिट येण्याचा धोका असलेल्या कुणीही त्या खिडकीकडे पाहू नये. खिडकीवर कागद ठेवून झाका.

भिंगवाला

दाबण्याला माझा विरोध आहे. एलसीडीच्या दोन काचांमधली द्रवस्फटिकाची फट फक्त काही मायक्रोमीटरची असते. टोकदार दाबाने ती फट राखणारे खांब दबतात आणि कायमचा ढगाळ डाग पडतो. एका ठिपक्याच्या बदल्यात नाण्याएवढा डाग घेण्यात अर्थ नाही. ओएलईडीवर तर मुळीच दाबू नये. आणि दाबाच्या खुणा दिसल्या की वॉरंटीचा दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

प्रश्नचिन्ह

दाव्यावरूनच विचारतो. एक ठिपका असला तरी पडदा बदलून मिळतो का? नियम काय आहे?

नियमावली

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १३४०६-२ हे पडद्यांचं मानक २००१ साली आलं. पुढे २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-३०७ने घेतली. जुन्या मानकात पॅनेलचे चार वर्ग होते. वर्ग एकमध्ये एकही दोष चालत नाही. बहुतेक मॉनिटर वर्ग दोनमध्ये विकले जात. त्यात दर दहा लाख पिक्सेलमागे २ पूर्ण पेटलेले पिक्सेल, २ पूर्ण काळे आणि ५ सबपिक्सेल-दोष चालत. फुल एचडीला हे साधारण दुप्पट, म्हणजे ४, ४ आणि १०. फोरकेला आठपट धरा.

म्हणून एक काळा ठिपका आहे एवढ्यावर दावा मान्य होईलच असं नाही. उत्पादक आपापलं धोरण ठरवतात. काही जण एकही पेटलेला ठिपका असला तरी पॅनेल बदलून देतात, पण काळ्यांना मर्यादा ठेवतात. वॉरंटीच्या पानावर तीन गोष्टी शोधा: पेटलेले किती, काळे किती, आणि जवळजवळचे ठिपके वेगळे मोजतात का. विक्रेत्याची सुरुवातीची परताव्याची मुदत सहसा या मर्यादांच्या बाहेर असते, तिथे साधं कारणही पुरतं. पूर्ण तपासणी त्या मुदतीतच उरका.

दावा करताना नुसतं "ठिपका आहे" असं लिहू नका. कुठल्या रंगाच्या चित्रावर, कुठल्या रंगाचा, डावीकडून आणि वरून किती मिलिमीटरवर, ते लिहा. कागदाच्या पट्टीने मोजा, पडद्यावर धातूची पट्टी टेकवू नका. पिक्सेलचा क्रमांक हवा असेल तर मिलिमीटरला पिक्सेलच्या मापाने भागा. २४ इंची फुल एचडीवर ८३ मिलिमीटर म्हणजे ८३ भागिले ०.२७७, साधारण ३००वा पिक्सेल.

गडद

फोटोबद्दल भर. दोन फोटो पाठवा: एक अख्ख्या पडद्याचा, जागा कळावी म्हणून, आणि एक जवळून. जवळचा फोटो मॅक्रोवर घ्या, उजेडाची पातळी हाताने बांधा, नाहीतर काळ्या चित्रावर कॅमेरा स्वतःच उजेड वाढवतो आणि साधा बॅकलाइटही भयंकर दिसतो. अख्ख्या पडद्याच्या फोटोत लाटांसारखी नक्षी आली तर कॅमेरा थोडा मागे-पुढे करा किंवा किंचित तिरका धरा. आडव्या पट्ट्या येत असतील तर शटर १/३० सेकंद किंवा त्याहून हळू ठेवा.

काळ्या चित्राच्या फोटोत एक पडताळणी आणखी लागते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही पेटलेले पिक्सेल असतात. कॅमेरा जरा बाजूला सरकवून दुसरा फोटो काढा. ठिपका पडद्यासोबत सरकला तर पडद्याचा, फोटोच्या चौकटीत त्याच जागी राहिला तर कॅमेऱ्याचा.

पट्टीपासून

वापरलेला फोन घेताना एवढा वेळ मिळत नाही. कमी वेळात काय पाहायचं?

तारजोडणी

काही अँड्रॉइड फोनवर, विशेषतः सॅमसंगच्या, डायलरवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की चाचणीचा मेनू उघडतो. त्यात लाल, हिरवा, निळा पूर्ण पडदाभर मिळतात. बाकी फोनवर वरची आठ चित्रं आधीच गॅलरीत टाकून न्या.

क्रम असा ठेवा: आधी १२८ची राखाडी, कारण ठसे, डाग आणि अर्धवट पिक्सेल एकदमच कळतात. मग निळं, मग हिरवं, मग लाल. शेवटी काळं, दोन्ही तळहातांनी पडद्याभोवती आडोसा करून. राखाडीवर पडदा तिरका करून पाहा. कडेला गुलाबी किंवा हिरवी झाक एकाच बाजूला असेल तर पडदा असमान आहे. ब्राइटनेस एकदा पूर्ण वाढवून आणि एकदा अगदी कमी करून राखाडी परत पाहा, कारण ओएलईडीचे पट्टे कमी ब्राइटनेसवरच वर येतात.

स्क्रीन प्रोटेक्टर असेल तर काढायला सांगा. त्याखालचा हवेचा बुडबुडा आणि पॅनेलचा दोष वरून सारखेच दिसतात.